हौदा उचलून बघा

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. मित्रांनो, ऐकायचं असेल तर ऐका, पण जरा लांब उभे राहा. माझ्याजवळ येणारा प्रत्येक माणूस आधी चाकाला लाथ मारतो आणि मग दार आपटून बघतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे. चाकाला लाथ मारून नेमकं काय कळतं, ते मला कुणीच सांगितलेलं नाही. त्यामुळे कुणी हसत हसत माझ्याकडे यायला लागलं, की माझ्या मनात पहिला विचार येतो, याला आता काय हवंय?

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे अवजड ट्रक बनत आणि नाजूक मोटारीही बनत. मी दोघांच्या मधल्या मापाची. पुढे चार दारं, पाच माणसांची जागा आणि मागे उघडा हौदा. ट्रक मला चिल्लर म्हणायचे आणि मोटारी मला हमाल म्हणायच्या. मी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. मला माझ्या पाठीचा अभिमान होता. माझ्या खाली पुढून मागेपर्यंत जाड लोखंडाच्या दोन तुळया आहेत, त्याला चासी म्हणतात. माझं सगळं अंग त्या दोन तुळयांवर बसवलेलं आहे. इंजिन थकलं तर दुसरं मिळतं, चाकं झिजली तर नवी येतात. पाठ मात्र एकच असते.

जहाजातून मी जॉर्जियात आले. पहिली काही वर्षं मी नद्यांचं पाणी मोजणाऱ्या लोकांकडे होते. त्यांनी मला ओढ्यांतून, दगडगोट्यांतून, बर्फातून नेलं. त्यांचा साहेब माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "ही नसती तर आपण चालत आलो असतो." मी भोळी होते तेव्हा. मला वाटलं, हा माणूस मला कधी सोडणार नाही. नवी गाडी आली त्या दिवशी त्याने माझ्यातून आपला थर्मास काढून घेतला आणि मागे वळूनही बघितलं नाही. तेव्हापासून कौतुक करणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

मग मी बाद्रीकडे आले. बाद्री काखेती प्रांतातला, आलाझानी नदीच्या खोऱ्यातला. त्याचा धंदा डुकरांचा. गावोगावची डुकरं माझ्या हौद्यात घालून तो तेलावीच्या बाजाराला न्यायचा. डुकरांबद्दल लोक काहीही बोलोत, मला ती आवडायची. डुकराला भूक लागली की ते ओरडतं आणि झोप आली की झोपतं. त्याच्या मनात एक आणि तोंडात दुसरं असं नसतं. संध्याकाळी बाद्री हौद्यात दोन बादल्या पाणी ओतायचा, झाडू फिरवायचा आणि जेवायला जायचा. पाणी हौद्याच्या तळातल्या फळ्यांच्या फटींतून खाली निघून जायचं. पुढे ते कुठे जातं, हे त्यानेही पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एका वर्षी खोऱ्यातल्या डुकरांत रोग आला आणि बाद्रीचा धंदा बसला. त्याने मला विकायला काढलं. मला कळलं कसं? तो मला घासायला लागला. आधी साबणाने, मग व्हिनेगरने, मग पुन्हा साबणाने. हौद्याला आतून काळा रंग दिला, वर रबराची नवी चटई अंथरली. रंगाऱ्याने खाली झोपून माझ्या पोटालाही काळा रंग फासला. इतकी माया मी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून मी ओळखलं की आता आपली पाठवणी आहे. घ्यायला कुणी आलं नाही तर मला कापून सुटे भाग विकायचे, असंही तो फोनवर कुणाला तरी सांगत होता.

आणि मग आली दारेजान.

दारेजान तुश जमातीतली. तुश लोक हिवाळाभर खाली आलवानी गावात राहतात आणि उन्हाळ्यात मेंढरांसकट वर डोंगरांतल्या तुशेतीत जातात. वर ओमालो गावात दारेजानचं पाहुण्यांसाठी घर आहे. त्या उन्हाळ्यापासून तिला पाहुण्यांना घेऊन लांबच्या मोहिमांवर जायचं होतं, ओसाड पडलेली गावं, टेहळणीचे जुने बुरूज, नदीच्या उगमाकडची कुरणं. चार-पाच दिवस डोंगरात, रस्ता म्हणजे नुसती वाट. त्यासाठी ती गाडी शोधत होती. तिच्याबरोबर तिचा सासरा होता, एलिझबार. म्हातारा आयुष्यभर मेंढपाळ. हातात काठीऐवजी एक छोटी हातोडी घेऊन आला होता, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"द्राक्षांची गाडी आहे, काका," बाद्री म्हणाला. "दहा पावलांवर मळा, तिथून घर. एवढंच फिरली."

मी मनात म्हटलं, वा रे वा.

एलिझबार माझ्याभोवती एकदा फिरला, मग उलटा फिरला. हौद्यात डोकं घालून त्याने वास घेतला.

"इतकी स्वच्छ का आहे ही?"

"घाण असती तर तुम्ही विचारलं असतं, घाण का आहे."

"विचारलंच असतं. पण घाणीचं कारण लगेच कळतं. स्वच्छतेचं कळत नाही."

बाद्री हसला. त्याचं हसू पुरतं उमटलं नाही. का, ते मला ठाऊक होतं. वर तुशेतीत डुक्कर नेत नाहीत. जिवंत नाही, मांस नाही, चरबी नाही, सॉसेजचा तुकडासुद्धा नाही. का नाही, असं तुश माणसाला विचारलं तर तो म्हणतो, नेत नाहीत म्हणून नेत नाहीत. कुणी नेलंच, तर दरड कोसळते, वारं फिरतं, माणूस जातं, असं ते मानतात. घाट चढण्याआधी ड्रायव्हर पाहुण्यांच्या पिशव्या उघडून बघतात. आणि इथे मी, वर्षानुवर्षं डुकरं वाहिलेली, त्यांच्यासमोर द्राक्षांची गाडी म्हणून उभी होते.

दारेजान मात्र वासाकडे गेली नाही. ती आधी माझ्या लांबीरुंदीकडे बघत होती. "याआधी दोन गाड्या बघितल्या," ती बाद्रीला म्हणाली. "एक मोठी होती, पांढरी, चकचकीत. आत बसलं की महाराणी झाल्यासारखं वाटायचं. पण घाटातल्या वळणावर ती एका दमात वळणार नाही. मागे घ्यावी लागणार, आणि मागे दरी. दुसरी छोटी होती. ती बकरीसारखी चढते. पण चार पाहुणे, तंबू, चूल, पाणी, डिझेल आणि पाच दिवसांचं खाणं तिच्यात घातलं की तिच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सपाट होतात."

"मग ही मधली आहे ना. तुमच्यासाठीच बनवलीय, ताई."

"सगळे असंच म्हणतात. हिचे सुटे भाग मिळतात?"

"खोऱ्यातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये."

"मी खोऱ्यात बिघडणार नाही, बाद्री. मी डोंगरात बिघडणार. तिथे मला स्वतःला काय उघडता येईल ते दाखव."

बाद्रीने बॉनेट उघडलं. तिने एकेक गोष्ट हाताने चाचपून पाहिली. पट्टा कुठे, फिल्टर कुठे, हवा कुठून आत येते, ओढ्यात पाणी किती वर आलं तर इंजिनात शिरेल. चारही चाकांना जोर लावणारा दांडा तिने ओढून पाहिला. मागची दोन्ही चाकं एकदम फिरवणारं बटण दाबून मला मातीत पुढे-मागे नेलं. माझं पोट जमिनीपासून किती वर आहे ते तिने आपल्या गुडघ्याला लावून बघितलं. मला ही बाई थोडी थोडी आवडायला लागली होती, आणि म्हणूनच मी सावध झाले.

म्हातारा मात्र खाली आडवा झाला होता आणि हातोडीने मला ठोकत होता. ठक, ठक, ठक. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू. मी काय कलिंगड आहे?

"पोटाला रंग कोण देतो?" तो खालून म्हणाला.

"गंज लागू नये म्हणून देतात, काका."

"की लागलेला दिसू नये म्हणून? हा रंग आवाज खातोय." तो बाहेर आला, कपडे झटकले आणि थेट विचारलं, "ही कुठे उलटली होती?"

"उलटली नाही. माझ्या आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस. जोड कुठे आहे ते सांग."

दारेजानने त्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या दाराशी, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला गाडी नको आहे, की मी जायला नको आहे?"

"दोन्ही," म्हातारा म्हणाला.

"मी घरात बसून राहिले तर ओमालोचं घर चालणार नाही. पाहुणे बुरूज बघायला येतात, माझं तोंड बघायला नाही. दुसऱ्याची गाडी लावली तर सगळं त्याच्या घशात जातं."

"तेदोपण असंच म्हणायचा."

तेदो म्हणजे त्याचा मुलगा, दारेजानचा नवरा. काही वर्षांपूर्वी त्याने एक पिकअप घेतली होती, माझ्याच मापाची. विकणाऱ्याने ती धडधाकट म्हणून दिली. खरं तर ती कधीतरी उलटली होती आणि तिची मोडलेली पाठ वेल्डिंग करून जोडलेली होती. तुशेतीत चढणाऱ्या आबानोच्या घाटात भरल्या गाडीचा तो जोड सुटला. तेदो गाडीसकट खाली गेला. हे मी तिथेच, त्या दोघांच्या बोलण्यातून ऐकलं. तरीसुद्धा मला म्हाताऱ्याची दया आली नाही. मला वाटलं, तुझा मुलगा गेला याचं मला वाईट वाटतं, पण माझी पाठ मोडलेली नाही, मग मला का ठोकतोस? याला सून घरात डांबून ठेवायची आहे आणि निमित्त म्हणून माझ्यात खोट काढायची आहे, अशी माझी पक्की खात्री झाली.

दारेजान म्हणाली, "मी हिला भरून घाटात नेऊन बघते. रिकामी गाडी कुणाचीही चढते."

मी अजून बाद्रीचीच होते, म्हणून तोही बरोबर निघाला. आलवानीत एलिझबारच्या अंगणात मला भरलं. बटाट्याची पोती, पाण्याचे कॅन, लोखंडी चूल, तंबू, डिझेल, कातड्याच्या पिशवीतलं मेंढीचं चीज. म्हाताऱ्याने वरून आणखी दोन पोती टाकली. मी हूं की चूं केलं नाही. माझे पाटे वाकले, पण सपाट झाले नाहीत. दारेजानने वाकून ते बघितलं आणि मान हलवली.

शेवटचं गाव मागे पडलं आणि रस्ता स्तोरी नदीच्या घळीत शिरला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. धबधबे थेट रस्त्यावर पडतात आणि तुमच्या चाकांखालून पुढे जातात. दारेजान छान चालवत होती. उगाच रेटत नव्हती, उगाच ब्रेक दाबत नव्हती. बारका गिअर टाकून मला माझ्या चालीने चढू देत होती. मला जुने दिवस आठवले. वाटलं, आपण अजून आहोत.

एका वळणावर समोरून पाहुण्यांनी भरलेली व्हॅन आली. चढणाऱ्याने थांबायचं की उतरणाऱ्याने, यावर तिथे कुणी वाद घालत नाही, ज्याच्या मागे जागा जवळ त्याने मागे जायचं. जागा आमच्या मागे होती. दारेजानने दाराबाहेर डोकं काढलं आणि मला उलटं खाली घेतलं. मागचं उजवं चाक कडेपासून जेमतेम हातभर आत राहिलं. ती पांढरी महाराणी असती तर हातभर जागासुद्धा राहिली नसती. व्हॅन गेली. तिचा ड्रायव्हर दारेजानला म्हणाला, "चांगली मिळाली गं गाडी." मी फुगले.

पण पुन्हा पुढे निघताना माझ्या मागून एक आवाज आला. किर्र. बारीकसा.

"हा कसला आवाज?" एलिझबार लगेच म्हणाला.

"पोती घासतायत," बाद्री म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. पोतीच असणार. दारेजानने पुढच्या वळणावर वेग आणखी कमी केला. ती आता माझ्यावर संशय घेत होती, ते तिच्या हातांवरून कळत होतं. स्टिअरिंग तिने आधी सैल धरलं होतं, आता आवळून धरलं.

थोडं वर गेल्यावर तिने मला कडेला थांबवलं. तिथे एक काळा दगड होता आणि त्यावर एका तरुणाचं चित्र कोरलेलं होतं. दगडापाशी एक बाटली आणि काचेचा पेला. त्या रस्त्यावर असे दगड पुष्कळ आहेत, जिथून जो गेला तिथे त्याचा दगड. येणारा-जाणारा थांबतो, घोटभर दारू जमिनीवर ओततो, गेलेल्याचं नाव घेतो, दोन शब्द बोलतो आणि उरलेली पितो. चालवणारा मात्र पीत नाही, तो नुसती बोटं बुडवून शिंपडतो. दारेजानने बोटं शिंपडली. एलिझबारने पेला भरला, थोडी ओतली, मुलाचं नाव घेऊन प्यायला. मग त्याने पेला पुन्हा भरला आणि बाद्रीच्या हातात दिला.

"घे. तेदोशी बोल."

"मी काय बोलू, काका? मी त्याला ओळखत नव्हतो."

"त्याची बायको तुझ्या गाडीतून घाट चढतेय. गाडी कशी आहे ते त्याला सांग. तो ऐकेल."

आता तुम्ही म्हणाल, बाद्री खोटं बोलणारा माणूस, आणखी एक खोटं बोलून मोकळा झाला असता. पण तिकडची माणसं बाजारात एक बोलतात आणि हातात पेला असताना दुसरं. मेलेल्यासमोर पेला धरून खोटं बोलायला फार कोडगा माणूस लागतो, आणि बाद्री तितका कोडगा नव्हता. तो पेला हातात धरून उभा राहिला. त्याने दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तेदो," तो म्हणाला, "द्राक्षं नव्हती. डुकरं होती."

दारेजानने डोळे मिटून घेतले. मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. आता दगड खाणार आपण, असं वाटलं.

"आणखी?" एलिझबारने विचारलं.

"आणखी काही नाही. उलटली नाही, मोडली नाही, जोडलेली नाही. हे त्याला सांगतो आणि तुम्हालाही. नुसती डुकरं." आणि मग तो प्यायला.

म्हातारा हसायला लागला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होते. "डुकरं," तो म्हणाला. "अरे गाढवा, मला वाटलं तू पोरीला मारायला निघालास. आणि तू डुकरं लपवत होतास."

"हसताय काय, बाबा?" दारेजान म्हणाली. "डुकरांच्या गाडीतून आपण घाटाच्या अर्ध्यात आलोय. ही वर नेता येणार नाही. इतक्या दिवसांनी नीट गाडी मिळाली होती."

"डुकरं कुठे बसायची रे, बाद्री? पुढच्या सीटवर?"

"नाही काका. हौद्यात."

"मग हौदा खाली राहील. मी नवा लाकडी हौदा बांधून देतो. गाडीने डुक्कर खाल्लेलं नाही, वाहिलंय."

दारेजान त्याच्याकडे बघतच राहिली. ज्याने सुरुवातीपासून माझ्यात खोट शोधली, तोच आता मला घ्यायला वाट काढत होता. मला त्यातही काहीतरी डाव दिसला. आणि माझा हौदा काढायचा म्हणजे काय? मला कुणी विचारलं? तो माझ्याबरोबर जन्मलेला. पण गाड्यांना कोण विचारतं. एका रुंद जागी मला वळवलं आणि आम्ही खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिझबारच्या अंगणात बाद्री स्वतः पाना घेऊन माझ्यावर चढला. गाडी विकली जाणार म्हणून तो खुशीत होता. हौदा काही मोजक्या बोल्टांवर बसवलेला असतो, ते काढले की सबंध उचलता येतो. डावीकडचे बोल्ट निघाले. उजवीकडचे निघेनात. तेल घातलं, ठोकलं, शेवटी एकाचं डोकंच तुटून त्याच्या हातात आलं.

"इतके का धरलेत?" एलिझबारने विचारलं.

"जुनी गाडी आहे, काका."

मीही मनात तेच म्हटलं.

त्यांनी आक्रोडाच्या झाडाला साखळी बांधून हौदा वर ओढला. खाली वाळलेल्या घाणीचा थर होता, त्यात पेंढा, डुकरांचे राठ केस. बाद्रीने तो खुरप्याने खरवडून काढला. उन्हात माझी पाठ पहिल्यांदाच उघडी पडली होती. मला लाज वाटत होती, पण मी ताठ उभी होते, कारण ती पाठ म्हणजे माझा अभिमान होता. म्हाताऱ्याने हातोडी घेतली. डाव्या तुळईवर मारली, टण्ण वाजलं. मी म्हटलं, ऐक आता नीट. मग त्याने उजव्या तुळईवर, मागच्या चाकाच्या वरती मारली.

टण्ण वाजलं नाही. हातोडी आत गेली.

एलिझबारने ती बाहेर ओढली, तिच्याबरोबर गंजाचे पापुद्रे आले, तपकिरी, थरावर थर. वर्षानुवर्षं फळ्यांच्या फटींतून डुकरांचं मूत आणि धुतलेलं पाणी तिथे झिरपत होतं आणि हौद्याखाली साठून लोखंड खात होतं. खालून काळा रंग होता. वरून हौदा होता. मध्ये माझी पाठ कुजत होती आणि मला पत्ता नव्हता. घाटात आलेला तो बारीक आवाज पोत्यांचा नव्हता.

मित्रांनो, जगात मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला. स्वतःवर घ्यायचं मला कधी सुचलं नाही.

बाद्री पांढराफटक पडला होता. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तेदोच्या समोर मी खरं तेच बोललो, काका. मला माहीत नव्हतं."

"तू खोटं बोललास असं नाही म्हणत मी," एलिझबार म्हणाला. तो खाली बसला होता आणि अंगठा त्या भोकाच्या कडेवरून फिरवत होता. "तेदोची गाडी घेतली तेव्हा मीच त्याच्याबरोबर होतो. तिचा जोडही याच जागी होता, हौद्याखाली. मी चाकं बघितली, इंजिन ऐकलं, टायरची नक्षी बघितली. हौदा कुणी उचलतं का? गाडी घेताना हौदा कोण उचलतं?" त्याला रडू फुटलं. मग तो म्हणाला, "ही डुकरं नसती तर आज पण उचलला नसता."

दारेजान अंगणातल्या ओट्यावर बसली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. काल तिने मला त्याच कडेवर, भरलेली, उलटी मागे घेतली होती. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले.

बाद्री हळूच म्हणाला, "तेलावीत एक वेल्डर आहे, ताई. जाड पट्टी मारून देईल. कळणारसुद्धा नाही."

"तेच तर," दारेजान म्हणाली. "कळणारसुद्धा नाही." मग ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या दारावर हात ठेवला. लाथ मारली नाही, आपटलं नाही, नुसता हात ठेवला. "चढली छान," ती म्हणाली. "पण जोडलेली गाडी या घराने एकदा घेतली आहे."

तिने मला घेतलं नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. किती तरी वर्षांनी मला नीट चालवणारं माणूस भेटलं होतं आणि ते माझ्या समोरून निघून गेलं. त्या रात्री बाद्रीने मला हौद्याशिवाय घरी नेलं तेव्हा मी त्या म्हाताऱ्याला, त्याच्या हातोडीला, त्याच्या डुकरांच्या नियमाला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे कितीतरी दिवस घालत राहिले.

नंतर कळलं, तिने दुसरी घेतली, माझ्याच मापाची, माझ्याहून जुनी, रंग उडालेली. बाजारात सासरा-सून हौदा उचलायला लागले तेव्हा विकणारा त्यांना वेडे म्हणाला. त्यांनी तो उचललाच. बाद्रीने माझ्या पाठीला पट्टी मारून घेतली, सपाट रस्त्यापुरती. हौदा परत बसवला. कापायचा विचार त्याने सोडला. आता मी खरोखरच द्राक्षं वाहते, आणि गिऱ्हाईक आलंच तर बाद्री आपणहून सांगतो, आधी मागचा हौदा उचलून बघा. मग कुणी घेत नाही. त्याचं त्याला काही वाटत नाही, मलाही नाही.

म्हणून मित्रांनो, जाण्याआधी एक सांगते. कधी मोठे झालात आणि लांबच्या, आडवाटेच्या प्रवासासाठी गाडी निवडायची वेळ आली, तर तिचा रंग बघून भुलू नका. विकणारा काय सांगतो ते ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. गाडीला स्वतःबद्दल काय वाटतं, त्यावर तर मुळीच जाऊ नका; मी शपथेवर सांगितलं असतं की माझी पाठ शाबूत आहे. खाली वाका. झाकलेलं उघडा. ठोका. तिला राग येईल, येऊ द्या. आणि गाडी तुमची झाली की दर आठवड्याला तिच्या पोटाखाली स्वच्छ पाणी मारा, नुसतं वरवर नको.

शरद ऋतूत बर्फाआधी घाट बंद होतो. मेंढरं उतरतात, मग गाड्या उतरतात. त्या दिवसांत मी द्राक्षांच्या पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असते. दारेजानची रंग उडालेली गाडी धुळीने माखून येते, पुढे ती, शेजारी म्हातारा. ती मला ओळखत असेल की नाही, माहीत नाही. ती घरी चालली आहे. मला तिने घेतलं नाही, म्हणून ती दरवर्षी घरी येते.